हैबतराव धारेला बसला

ही गोष्ट अगदी खरी आहे. शपथेवर सांगतो. म्हणजे म्हैस खरी आहे, लुगडंही खरं आहे. मधलं थोडं इकडंतिकडं झालं असेल, तेवढं चालवून घ्या.

एका गावात एक हैबतराव होता. तो कधी हसायचा नाही. त्यामुळे गावाला वाटायचं, माणूस फार विचारी आहे. कुठं भांडण झालं की निवाड्याला त्यालाच बोलवायचे. त्याची बायको गोदाक्का अगदी त्याच्या उलट. भाकरी करपली तरी हसायची, नाही करपली तरी हसायची. हैबतराव तिला सांगायचा की हे खिदळणं बंद कर, घराची अब्रू जाते.

घर चालायचं एका म्हशीवर. तिचं नाव चंद्री. तिची धार गोदाक्काच काढायची, गावातल्या गमती तिला सांगत, हसत हसत.

एकदा गोदाक्काला ताप भरला. अंथरुणातून उठवेना. धारेला हैबतराव बसला. चंद्रीनं मागं वळून त्याचं तोंड पाहिलं आणि दूध चोरलं. एक थेंब देईना. त्यानं पेंड ठेवली, रेडकू सोडलं, पाठ खाजवली. चंद्रीनं पेंड खाल्ली, पाठ खाजवून घेतली आणि शांत उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली. चंद्री रेकायला लागली. आता कास सुजली की म्हैस आटणार, आणि म्हैस आटली की घरात चूल पेटायची नाही.

आतून गोदाक्का म्हणाली, "माझं लुगडं नेसा. आणि हसा जरा. तिला सवय आहे."

लुगडं नेसण्यात नवीन काही नाही. म्हैस बाईच्या हाताची असली की पुष्कळ गडी तसं करतात. हैबतराव लुगडं नेसला, डोक्यावरून पदर घेतला. हसायचं मात्र जमेना. त्यानं "हा, हा, हा" असं नुसतं म्हणून पाहिलं. चंद्रीनं लाथ मारली. चरवी गडगडत दारापर्यंत गेली.

नेमके दारात गावचे दोन पंच आले. बांधावरून भांडण लागलं होतं, हैबतरावला न्यायला आले होते. गोठ्यात बाईमाणूस धारेला बसलेलं दिसलं, तशा दोघांनी रिवाजाप्रमाणं माना खाली घातल्या. त्यामुळे मिशा कुणाला दिसल्या नाहीत.

थोरले पंच येसाजीअण्णा. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "वहिनी, दादा आहेत का घरात?"

हैबतराव गप्प बसला. असाच बसला असता तर दोघं निघून गेले असते आणि अब्रू वाचली असती. पण अण्णांना बोलायची हौस होती.

"नसतील तर असू द्या. एक विचारू का, वहिनी? निवाड्याला घटकाभर ते तोंड बघायचं म्हटलं तरी आमचा जीव नको होतो. तुम्ही एवढी वर्षं कशी काढलीत?"

हैबतराव विचारात पडला. प्रश्न बरोबर होता. आत ती तापानं फणफणत पडली होती, आणि तिनं कधी तक्रार केल्याचं काही त्याला आठवेना.

"मलाही तेच कळत नाही, अण्णा," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

दोन्ही माना वर झाल्या. त्यांची तोंडं बघून हैबतरावच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी त्याला वाटलं ढेकर आहे. ते हसू होतं. इतकी वर्षं साचलेलं. पदर घसरला, पंच हसले, आत तापातली गोदाक्का हसली, आणि चंद्रीनं पान्हा सोडला. चरवी भरली. मग कळशी आणावी लागली.

हैबतराव कोमट दूध घेऊन आत गेला. "गोदा, मला वाटायचं हे घर मी चालवतो. ते तुझ्या हसण्यावर चाललं होतं. उपकार झाले तुझे."

गोदाक्कानं दूध संपवलं. म्हणाली, "आधी लुगडं सोडा. लग्नाकार्यात नेसायचं आहे ते."

त्यानंतर हैबतराव रोज हसायला लागला. त्याला निवाड्याची बोलावणी कमी झाली. भांडणंही कमी झाली. का, ते कुणाला विचारायचं सुचलं नाही.

तात्पर्य: घरात कुणीतरी रोज हसतं, म्हणून घर चालतं. त्या माणसाचे उपकार माना, आणि अधूनमधून त्याच्या वाटचं आपणही हसा.

गोष्ट फुकट सांगितलेली नाही. हसू आलं असेल तर फिटलं. नसेल आलं, तर शेरभर दूध पाठवून द्या. म्हशीचं.