शेवटचा थर

एकदा एका आईला एका भोकापायी झोप लागेना. ती आई मीच. पण दृष्टांतात 'एक आई' म्हटले की बाई जरा शहाणी वाटते, म्हणून तसे लिहिले. भोक अजून पडायचे होते. माझ्या सहा वर्षांच्या शाल्मलीला चालताना डावे पाऊल उचलता येत नाही. त्या पावलाला आधार देणाऱ्या स्प्लिंटला पट्टा अडकवण्यासाठी ते भोक हवे होते. सोमवारी तिची शाळा सुरू होणार होती, आणि आधीची स्प्लिंट नेमकी भोक पाडतानाच वाया गेली होती.

स्प्लिंट घडवणारे एक वृद्ध गुरू होते, यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती, नुकतीच इंजिनिअर झालेली. कार्बनच्या धाग्यांचे काळे कापड राळेत भिजवून, थरावर थर बसवून ती दोघे मुलांच्या पायांचे आधार करीत. पहिल्या वेळी ड्रिल शिष्येने चालवले. बाहेरून भोक देखणे होते. आतून पाहिले, तर ड्रिलचे पाते, म्हणजे बिट, जिथे बाहेर पडला तिथे शेवटचा थर सोलवटून धागे पिंजारले होते. लोखंडावर हात बसलेल्या त्या मुलीने, भोक आरपार होण्याच्या बेतात असताना, सवयीने जोर वाढवला होता.

"घासून गुळगुळीत नाही का करता येणार?" मी तेव्हा विचारले होते.

"घासलं की दिसायचं बंद होईल, उकलायचं नाही," गुरू म्हणाले आणि त्यांनी ती स्प्लिंट बाजूला ठेवली.

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा नवी स्प्लिंट तयार होती. गुरू मात्र सागाचा एक ठोकळा घेऊन बसले होते. पटाशीने थोडे तासायचे, स्प्लिंटच्या आतल्या गोलाईला लावून पाहायचे, पुन्हा तासायचे. सकाळ त्यातच गेली.

"सर, भोक क्षणाचं काम आहे," शिष्या अखेर म्हणाली. "आणि हा ठोकळा नंतर टाकूनच द्यायचा ना?"

"टाकायचा कशाला? बंब पेटवायला घरी नेतो. बायको माझ्यापेक्षा ठोकळ्यांचीच वाट पाहते."

शाल्मली खुदकन हसली. मला हसू आले नाही.

अखेर ठोकळा आतून असा चपखल बसला की मध्ये कागद शिरेना. गुरूंनी तो आवळून बांधला, ड्रिलला नवा धारदार बिट लावला आणि ड्रिल शिष्येच्या हातात दिले. 'अहो, तुम्हीच करा ना,' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. भिडेने तिथेच राहिले.

"मी?" शिष्या म्हणाली. "मागच्या वेळी माझ्याच हातून..."

"म्हणून तूच. सावकाश जा. शेवट जवळ आला असं वाटलं की आणखी सावकाश."

ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. स्पर्श केला नाही, बोललेही नाहीत. बिट फिरू लागला. काळी पूड व्हॅक्यूमच्या नळीत शिरत राहिली. ड्रिलचा सूर किंचित उतरला, शिष्येचा हात त्याहून हळू झाला, आणि काळ्या पुडीमागून लाकडाचा पिवळा भुसा आला.

ठोकळा सोडवून तिने स्प्लिंट खिडकीच्या उजेडात धरली. केसाहून बारीक असे हजारो धागे, एकही न सुटता, एकाच वर्तुळावर येऊन थांबले होते. गुरूंनी एका नाण्याने भोकाभोवती टिचकावून पाहिले. कुठेही बद्द वाजले नाही. सगळीकडे तोच टणक, स्वच्छ नाद. मी आजवर देवळात हात जोडले आहेत. एका भोकापुढे जोडावेसे वाटले ते त्या दिवशी.

गुरू शिष्येला म्हणाले, "पहिल्या थराला खाली सगळ्यांचा आधार असतो, म्हणून तो निमूट कापला जातो. मधल्यांचंही तसंच. शेवटच्याच्या मागे नुसती हवा. जोर आला की तो कापला जात नाही, ढकलला जातो. तो काही कच्चा नसतो गं, त्याच कापडाचा असतो. तेव्हा जोर कमी करायचा, आणि तेवढ्या वेळापुरतं त्याच्या पाठीला काहीतरी द्यायचं."

शिष्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग वळून, ड्रिल चालवताना आपल्या मागे गुरू जिथे उभे होते त्या जागेकडे.

स्प्लिंट चढवून शाल्मली उभी राहिली. बोध ऐकला की तो लगेच अमलात आणायची मला भारी हौस. मी तिच्या मागे गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे तिच्या पाठीला घट्ट लावले.

"शालू, मी अशीच तुझ्या पाठीशी राहीन. शाळेत, अगदी वर्गातसुद्धा."

तिने टेबलावरच्या ठोकळ्याकडे पाहिले, बिटने त्यात पाडलेल्या लहानशा खळग्यात बोट घालून पाहिले, आणि म्हणाली,

"आई, भोक झाल्यावर आजोबांनी ठोकळा काढला. आता तू हात काढ."