संशयाचा चर

माळावर हा जो खोल चर दिसतो ना पाव्हणं, तो पाण्यासाठी खणलेला नाही. संशयापोटी खणलाय. हसू नका, ऐका.

फार मागं पाऊस सालोसाल दगा देत होता, तेव्हाची गोष्ट सांगतात. कोंडिबा पाटलाची सून सगुणा माहेराहून राळ्याचं, त्या बारीक भरड धान्याचं, बी घेऊन आली आणि या खडकाळ तुकड्यात पेरून मोकळी झाली. गावाची ज्वारी हातभर वाढून करपली. राळा मात्र हिरवागार! झालं, पाटलाच्या डोक्यात किडा वळवळला. पाण्याविना हिरवं राहतंच कसं? हे गवत जमिनीखालून आपल्या विहिरीचं पाणी ओढत असणार. सून इतकी गोड बोलते, तेही उगाच नाही! त्यानं गाव जमवून शेताभोवती चर खणवला, चोरट्या मुळ्या सापडाव्यात म्हणून. मुळ्या निघाल्या वीतभर. तरी म्हातारा म्हणे, "खाली पळाल्या असतील."

राळा पिकला. तोवर घरात दुसरा दाणा उरला नव्हता. सगुणेनं चराच्या काठावरच राळ्याचा भात शिजवला आणि गावाला बोलावलं. विष असेल या भीतीनं कुणी हात लावीना. तिनं स्वतः खाल्ला, तर पाटील म्हणाला, "उतारा घेऊन आली असेल." मांडीवरची चिमी भुकेनं रडून रडून गप्प झाली होती. "मामंजी, तुमचा संशय तुम्हाला लखलाभ. माझी लेक उपाशी मरतेय," म्हणत तिनं पोरीसाठी घास उचलला.

पाटलाच्या काळजाचं पाणी झालं. नातीवर त्याचा भारी जीव. त्यानं सुनेचं मनगट धरलं, "थांब! आधी मी." घास गिळून तो मरणाची वाट बघत बसला. पोटात गुरगुरलं की म्हणे, "आलं!" झाडाची सावली सरकली, मरण काही येईना, भूक मात्र खवळली. शेवटी मान खाली घालून त्यानं विचारलं, "सूनबाई, आणखी आहे का गं?" तेव्हा कुठं सगुणेनं लेकीला भरवलं, आणि मग ती ढसाढसा रडली म्हणतात.

आजही चरात पावसाचं पाणी साठतं आणि हा तुकडा ओल धरून राहतो. नवा राळा आला की पाटलाच्या घरचा म्हातारा इथं पहिला घास खातो, सारा गाव त्याच्या तोंडाकडं बघत बसतो. त्यानं "आणखी आहे का गं?" विचारलं की मगच पंगत बसते. वाढायच्या आधी सून दरवर्षी विचारते, "मामंजी, उतारा घेऊन आलात का?"

म्हातारा दरवर्षी मान खाली घालतो.