कोरडा ब्रश

हे कुणाला सांगायचं नाही, असं मोकलभाऊंनी बजावलं होतं. तरी सांगते.

“पण भाऊ, बघितल्याशिवाय कळणार कसं, आखणी जमली की नाही ते?” परशुराम विचारत होता.

भाऊ उंच बाकावर पालथे पडले होते. बाकाला एका टोकाला तोंडापुरतं भोक होतं, मसाजवाल्यांकडे असतं तसं. परशुरामला दिसत होती फक्त त्यांची पाठ आणि मानेवरचे पांढरे केस.

भाऊ पेणचे जुने मूर्तिकार. लीड्सच्या मराठी मंडळाने या वर्षी गणपती इथेच घडवायचा ठरवला, म्हणून ते शिष्य परशुरामला घेऊन आमच्याकडे उतरले. मूर्ती वाळली, रंगली, डोळे तेवढे राहिले आणि भाऊंच्याच उजव्या डोळ्यातला पडदा सरकला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. तोंड खाली ठेवलं तरच तो मागच्या पडद्याला टेकतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतो. तो विरेपर्यंत विमानातही बसायचं नाही.

पेणला परतणं लांबलं. भाऊंच्या वाट्याला आली आमच्या गालिच्याची नक्षी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. पायांवरूनच ते माणूस ओळखत. बाबांना म्हणाले, “फाटका मोजा घातलाय, म्हणजे आज सुट्टी.”

जो तो आल्या आल्या डोळ्याचं विचारी. परशुराम आला की मूर्तीचं बोले.

त्यालाही कारण होतं. मूर्तीचे डोळे रेखायचे, ती आखणी. पेणच्या कारखान्यात ती एकटे भाऊ करत. परशुराम मिसरूड फुटल्यापासून सोंड रंगवत होता, शेला रंगवत होता, दागिने चढवत होता. डोळ्यांना त्याचा हात कधी लागला नव्हता. या वेळी भाऊ इस्पितळात असताना, कुणाला न विचारता, त्याने डोळे आखून टाकले. मंडळाची माणसं बघून गेली. खोलीत कुठेही उभं राहा, बाप्पा आपल्याकडेच बघतो, म्हणाली. परशुरामची मान ताठ झाली.

आता त्याला एकाच माणसाकडून ऐकायचं होतं. भाऊ हो म्हणाले, तर तो आखणी करणारा कारागीर. नाही म्हणाले, तर डोळे पुसायचे, आणि चतुर्थी तर उद्यावर आलेली.

“आण इथे,” भाऊ म्हणाले.

परशुरामने हातभर उंचीची ती मूर्ती उचलून आणली आणि बरोबर भोकाखाली, उशीला टेकवून कलती ठेवली.

भाऊ बघत राहिले… हीटर टिकटिकत होता.

“कुणाकडे बघतोय हा?”

“तुमच्याकडे, भाऊ. कुठूनही बघा, तो आपल्याकडेच बघतो.”

“हं… सरकव त्याला बाजूला. तिथे तू झोप.”

“मी?”

“उताणा. पाय रोजच बघतो तुझे.”

परशुराम ओशाळला. तरी गालिच्यावर आडवा झाला आणि डोकं बाकाखाली नेलं. वरून भाऊंचा हात आला.

“ब्रश.”

परशुरामला वाटलं, म्हणजे चुकलंच काहीतरी, आता दुरुस्त करणार. त्याने खिशातला आखणीचा बारीक ब्रश दिला, काळ्या रंगाची वाटी पुढे धरली. भाऊंनी वाटी परत सारली.

“डोळे मीट.”

कोरडा ब्रश त्याच्या पापणीवर टेकला. आतल्या कोपऱ्यातून निघाला आणि एका दमात बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत गेला, भाऊ मूर्तीवर ओढत तसाच. मग दुसरी पापणी. परशुरामला गुदगुल्या झाल्या, हसू आलं… मग ते ओसरलं.

“उघड.”

त्याने डोळे उघडले.

वर भोकात भाऊंचा चेहरा होता. शस्त्रक्रियेनंतर परशुराम तो पहिल्यांदाच बघत होता. उजवा डोळा लालभडक. पापण्या चिकटलेल्या. गाल सुजलेले, त्यांवर बाकाच्या कडेचे वळ. डोळ्यातलं पाणी ओघळून नाकाच्या शेंड्याशी थरथरत होतं.

थेंब परशुरामच्या कपाळावर पडला. त्याने पुसला नाही.

“भाऊ,” तो म्हणाला, “दुखतो का हो डोळा?”

भाऊ त्याच्याकडे बघत होते…

“झाली आखणी,” ते म्हणाले. “ने त्याला. मखरात बसव.”

परशुरामने मूर्ती छातीशी धरली. जिन्याच्या वळणावर तो थांबला, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिथे त्याला—

“पोरी, सांगणं पुरे,” भाऊ हाक मारतायत. “डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. ये… आणि नीट बघून घाल.”