कधीच न चुकलेली भाषा

“म्हणजे ही भाषा तुमच्याखेरीज कुणीच बोलत नाही?” भाटवडेकर गुरुजींनी विचारलं.

“कुणीच नाही!” हेमंत टिपणीस ऐटीत म्हणाला. “मीच घडवलीय. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या भाषांच्या वळणावर. आघात कुठल्या अक्षरावर, सूर कुठे उतरणार, कुठे चढणार... सगळं माझं.”

अभिमान वाटावा असंच काम होतं ते, उगाच नावं का ठेवा! पण पुण्यातल्या विद्वानांनी ‘मेलेली बाहुली’ म्हणून त्याची बोळवण केली होती. ते त्याला फार लागलं होतं. म्हणून तो वाईच्या या वेदपाठशाळेत आला होता. स्वरांच्या बाबतीत गुरुजींचा कान म्हणजे शेवटचा निवाडा. त्यांनी ‘जिवंत’ म्हटलं, की विद्वानांची तोंडं बंद.

आल्या आल्या त्याने पाहिलं होतं, गुरुजी नव्या विद्यार्थ्याचं डोकं धरून, खाली-वर करून स्वर बसवत होते. त्याला हसूच आलं होतं. काय ही जुनाट तऱ्हा!

“बोलताना कधी चुकता?”

“एकदाही नाही.”

“हे कोण सांगतं?”

“मीच.”

गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं सावरलं.

“एवढंच सांगा गुरुजी, जिवंत आहे की नाही?”

“एक शब्द शिकवा मला.”

“सोरेला. म्हणजे, घरी ये.”

“सोरेला,” गुरुजी म्हणाले. अगदी सपाट.

“अंहं. पहिल्या अक्षरावर आघात, मग सूर खाली, शेवटी वर.”

गुरुजींनी पुन्हा म्हटलं. सूर शेवटी चढायचा तो घसरला. ज्यांनी जन्मभर स्वर राखला, ते मुद्दाम चुकत होते की काय, देव जाणे.

“नाही हो! असं नाही!”

पुन्हा तेच.

हेमंतचा धीर सुटला. तो उठला आणि दोन्ही हातांनी त्याने गुरुजींचं डोकं धरलं. खाली नेलं... वर उचललं.

“सोरेला,” गुरुजी म्हणाले.

“अस्सं!” तो आनंदाने ओरडला. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून नेमक्या सुरात त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. डोळे भरून आले त्याचे.

मग आपले हात कुठे आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते झटकन मागे घेतले.

“चुकलो, गुरुजी.”

“तुम्ही कुठे? चुकलो तो मी,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या भाषेत आज पहिल्यांदा कुणीतरी चुकलं... जा, जिवंत आहे म्हणून खुशाल सांगा पुण्यात.”