खैराचे खोड आणि नवी करवत

कातळ आणि खैराच्या एका जंगलात एक म्हातारे अस्वल सुतारकाम करून राहत असे. बिळांची दारे, पाण्याच्या डोण्या, आजाऱ्यांच्या खाटा, सगळे त्याच्या हातचे. मुलांनो, त्या जंगलाची एक रीत होती. करवत एकच ठेवायची. दोन झाल्या की झाडे उगाच पडतात. दुसरी आलीच तर दोन्हींची पारख करायची, चांगली ठेवायची, आणि उरलेली मोडून तिच्या पात्याचे तुकडे कंद खरवडायला वाटून टाकायचे.

एकदा माकडाने लांबच्या बाजारातून नवी करवत आणली. पाते आरशासारखे, मूठ लाल प्लॅस्टिकची. पारख करायला कोल्हा बसला. अस्वलाची करवत काळी पडलेली होती, तिच्यावर गंजाचे डाग होते आणि बरेच दिवस तिला कानस लागलेली नव्हती. कोल्ह्याने पांगाऱ्याची फांदी मागवली. पांगारा म्हणजे नखाने खरवडेल असे लाकूड. नवी करवत त्यातून सरसर गेली. जुनी अडखळली.

"आजोबा, तुमची करवत तुमच्याइतकीच थकली हो," माकड म्हणाले. जमलेले सगळे प्राणी हसले.

"तुम्हाला काही सांगायचंय का, आजोबा?" कोल्ह्याने विचारले.

अस्वलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. चांगले पाते वाकवून सोडले की पुन्हा सरळ होते. त्याला टिचकी मारली की आवाज घुमत राहतो. गंज वरवरचा असेल तर घासून जातो. दात बोथट झाले तर कानशीने पुन्हा धार येते. आणि करवत पारखायची ती खैरासारख्या कठीण लाकडावर, पांगाऱ्यावर नाही. पण ते हसणे अस्वलाला लागले होते.

"पारखी तुम्ही. मला कशाला विचारता?" एवढे बोलून ते निघून गेले. त्याच दिवशी जुन्या करवतीचे सहा तुकडे झाले.

पुढे वैशाखात मोठे वादळ झाले. खैराचे एक जुने झाड उन्मळून सायाळीच्या बिळावर पडले आणि दोन कातळांमध्ये घट्ट अडकले. सायाळ कंद शोधायला बाहेर गेली होती. तिची दोन दूधपिती पिल्ले आत होती. बिळाच्या तोंडाशी बोटभर फट उरली. तेवढ्यातून त्यांचे रडणे ऐकू येत होते. सगळ्यांनी मिळून खोड ढकलले, ते हलले नाही. खाली खणावे तर कातळ.

अस्वलाला बोलावणे गेले. ते लगेच आले. त्याने नवी करवत चालवली. चार बोटे खोल गेल्यावर ती नुसतीच घसरू लागली.

"धार लावा ना, आजोबा," कोल्हा म्हणाला.

अस्वलाने कानस काढली. पण करवतीचे दात कानशीहून कडक होते. कानस त्यांच्यावरून निसटत राहिली, ओरखडासुद्धा उठला नाही. "हिला धार लागत नाही," ते म्हणाले. "बोथट झाली की फेकायची. अशीच केलीय ही."

"मग जोर लावा."

अस्वलाने जोर लावला. पाते मधोमध वाकले आणि वाकलेलेच राहिले.

माकड दुसरी करवत आणायला बाजाराकडे पळाले. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. जुन्या करवतीचा जो तुकडा सायाळीच्या वाट्याला आला होता, तो घेऊन ती खोड खरवडत बसली. उंदरांनी दात लावून पाहिले. वीतभर तुकड्याने आणि उंदरांच्या दातांनी खैराचे खोड तुटत नाही. दुसऱ्या दिवशी एकाच पिल्लाचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तोही थांबला. माकड परत आले तेव्हा कुणी त्याच्या हातातली करवत घ्यायला पुढे झाले नाही.

सायाळीने खरवडणे थांबवले. ती अस्वलाला म्हणाली, "तुमच्या त्या करवतीने किती वेळ लागला असता?"

"कानस लावून? अर्धा दिवस."

"हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

एवढे विचारून सायाळ फटीला कान लावून बसली.

तात्पर्य : हत्यार कठीण कामावर पारखावे. आणि ज्याला कळते त्याने अपमान गिळून बोलावे. त्याचे रुसणे दुसऱ्याच्या जिवावर बेतते.