सशाची भरताची वांगी

जंगल संपून जिथे माळ सुरू होतो, त्या हद्दीवर एक ससा राहत असे. ससा म्हटल्यावर तुम्हाला गाजर आठवलं असेल. पण याला वेड होतं वांग्यांचं. बिळामागच्या परसात त्याने भरताच्या वांग्यांची दहा रोपं लावली होती. सकाळी स्वतःचं तोंड धुण्याआधी तो रोपांना पाणी घाली, आणि कुणी पानाला नुसता हात लावला तरी त्याचे कान ताठ होत.

त्या जंगलात एक रीत होती. चातुर्मासात कुणी वांगं तोंडात घालायचं नाही. चंपाषष्ठीला सगळ्यांनी मिळून भरीत-रोडगा करायचा आणि मगच वांगी खायला सुरुवात. भाद्रपदात ससा सगळ्यांसमोर बोलून बसला, "यंदा बाहेरून एकही वांगं आणायचं नाही. अख्ख्या जंगलाला पुरेल एवढं भरीत माझ्या परसातल्या वांग्यांचं!" म्हाताऱ्या अस्वलाच्या तोंडाला तिथेच पाणी सुटलं. "शब्द दिलास हं," ते म्हणालं. आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या घरी त्या जंगलात पुन्हा कुणी पंगतीला बसत नसे.

चारच दिवसांत एका रोपाचा शेंडा मलूल होऊन वाकला. मग दुसऱ्याचा. शेजारच्या झाडावरची साळुंकी खाली उतरली, तिने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "ससेभाऊ, इथे हे बारीक भोक दिसतंय ना? आत अळी शिरलीय. भोकाच्या खालून शेंडा खुडून टाका, नाहीतर पुढे ही फळांत जाईल."

"खुडून टाका?" ससा उसळला. "पोटच्या पोरांसारखी वाढवलीत मी ही! तुला माझी बाग डोळ्यांत खुपते, असं म्हण. चल, नीघ इथून!" साळुंकी उडून गेली. आणि आपल्या शहाण्याने काय करावं? वाकलेल्या प्रत्येक शेंड्याला काडीचा आधार बांधला, वरून हळदीचा लेप दिला आणि दुप्पट पाणी घातलं. आतल्या अळ्यांची चंगळच झाली!

पुढे वांगी धरली, चांगली मोठी नि तुकतुकीत. ससा रोज ती पुसून ठेवी. चातुर्मास असल्याने एखादं चिरून पाहायचा प्रश्नच नव्हता. येणारे-जाणारे वाहवा करत, आणि ससा फुगून भोपळ्याएवढा होई.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्यात मोठं वांगं गळून दगडावर आपटलं आणि फुटलं. आत गर कुठला! नुसती काळी घाण आणि तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या. घाबरून सशाने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तीच गत. बिचाऱ्याला रडूच कोसळलं. आता अस्वलाला काय सांगायचं? दाराशी पुन्हा कोण येणार? शेवटी नाक पुसत तो साळुंकीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"साळुंकीताई, चुकलो. तुला नाही नाही ते बोललो. आता काही उपाय आहे का गं?"

"आहे," साळुंकी म्हणाली, "पण तो तुमच्याच हातांनी करायचा. किडकी वांगी आणि वाकलेले शेंडे, सगळं खुडा. अळ्या माझ्याकडे सोपवा. चंपाषष्ठीला अजून पावणेदोन महिने आहेत."

पहिला शेंडा सशाने डोळे मिटून खुडला. दुसऱ्याला एक डोळा उघडला. संध्याकाळपर्यंत दहाही रोपं बोडकी झाली, आणि साळुंकीचं पोट मात्र टम्म भरलं. तेव्हापासून रोज सकाळी दोघं मिळून एकेक रोप तपासू लागली. एखादा शेंडा वाकला की ससा खुडी आणि साळुंकी अळी मटकावी. दिवाळीत नवी फूट आली, तिला जांभळी फुलं लागली आणि मागोमाग वांगी लटकू लागली. पहिल्यांदाच्या मानाने ती जरा लहान होती, पण दहाही रोपं लगडली होती.

चंपाषष्ठीला अस्वलाने निखाऱ्यांवर वांगी भाजली. सोलल्यावर एकूण एक आतून स्वच्छ निघालं. भरीत झालं, पानं वाढली. पहिला घास वडीलधाऱ्या अस्वलाने घ्यायचा आणि मगच बाकीच्यांनी, हा तिथला मान. पण ससा भरताचं पान घेऊन थेट साळुंकीपुढे गेला. सगळ्या पंगतीच्या माना तिकडे वळल्या.

"अस्वलकाका, रागावू नका," ससा म्हणाला. "हिने वेळेवर सांगितलं होतं, आणि मी हिला परसातून हाकललं होतं. आज तुमच्या पानात जे वाढलंय ते हिच्यामुळे. पहिला मान हिचा."

अस्वलाने सशाकडे पाहिलं, साळुंकीकडे पाहिलं आणि मग आपल्या पानातल्या भरताकडे बराच वेळ पाहिलं.

"मान्य आहे," ते म्हणालं. "पण साळुंकीबाई, घास लवकर घ्या. तुम्ही खाल्ल्याशिवाय आता मला सुरू करता येत नाही!"

तात्पर्य : जे आपल्याला प्रिय असतं त्यातली कीड दाखवणारा आपला हितचिंतक असतो, त्याचं ऐकून ती वेळीच काढून टाकावी.