धुरपाची शिदोरी

"पण त्या बैलांना कोण खाऊ घालणार?" या एका प्रश्नापाशी हैबतराव राजांची यात्रा तीन वर्षं अडून बसली होती.

राजांनी नवस बोलला होता, समुद्रकाठच्या भवरादेवीला पायी जाईन. वाट महिन्याभराची. कोठीचे कारभारी आबाजीपंत तयारीला बसले की गाडं रुतायचंच. माणसांना धान्य हवं, धान्य वाहायला बैल हवेत. बैलांना कडबा हवा, तो वाहायला आणखी बैल हवेत. मग त्या बैलांना कडबा! पंत बैल वाढवत जायचे आणि राजे डोकं धरून बसायचे. देवी बिचारी वाट बघून थकली असेल.

चौथ्या वर्षी वाड्याच्या अंगणात हीच बैठक चालली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"कोण ग तू? हसायला काय झालं?" राजे कडाडले.

"म्या धुरपा धनगरीण, म्हाराज. यात्रेची घोंगडी द्याया आले हुते. हसू न्हाई तर काय करू? आमी दरसाल त्याच वाटंनं जातो. एक बैल न्हाई आमच्याजवळ."

राजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हैबतराव माणूस वाईट नव्हता हो, पण हट्टी! एकदा तोंडातून शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी मागे घ्यायचा नाही.

"असं? मग जाऊन दाखव. देवीचा अंगारा घेऊन ये. पण घरून धान्याचा दाणा न्यायचा नाही, पैसा न्यायचा नाही. भीक मागायची नाही, चोरी करायची नाही आणि कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जेवायचं नाही."

"मेंढरं तरी नेऊ का? मागं त्यास्नी कोन बघंल?"

"खुशाल ने. पण मोजून न्यायची, मोजून आणायची. एकही कापायचं नाही, विकायचं नाही. दूध काढायचं नाही, लोकरही विकायची नाही."

आबाजीपंत पुढे सरकले. "महाराज, हिला तराजूत बसवू. परत येईल तेव्हा वजन घटलेलं निघालं, तर ही वाटेत उपाशी राहिली असं धरू. मग हिचा सगळा कळप आपल्या मुदपाकखान्यात."

धुरपाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं आणि म्हाताऱ्या सासूचं पोट त्या मेंढरांवरच होतं. तिलाही भीती वाटलीच. पण पंतांच्या तोंडाला आत्तापासूनच पाणी सुटलेलं दिसलं आणि तिचं डोकं फिरलं.

"आन् म्या जिकले तर?"

"मागशील ते देईन," राजे म्हणाले.

"मग काढा तराजू."

वजन झालं. पाठीला एक तवा बांधून आणि खांद्यावर घोंगडी टाकून धुरपा मेंढरांच्या मागे निघून गेली. इकडे पंतांनी आचाऱ्याला मसाला कुटून ठेवायला सांगितलं. माणूस भलताच उतावळा.

दोन महिन्यांनी धुरपा वाड्यात हजर! राजांच्या हातावर अंगारा ठेवला. मेंढरं मोजली तर कमी नाहीतच, उलट चार कोकरं जास्त. मग ती तराजूत बसली आणि पारडं धाडकन खाली गेलं. दुसऱ्या बाजूला आधीच्या वजनांवर पंतांना गुळाची अख्खी ढेप चढवावी लागली.

"ही भीक मागत गेली असणार!" पंत ओरडले. "नाहीतर एवढी पोसली कशी?"

राजांनाही तसंच वाटलं. "खरं सांग धुरपे, तुला खायला कुणी घातलं?"

ती तोंड उघडणार तोच दारात गलका झाला. दोन शेतकरी एकमेकांचे सदरे धरूनच आत आले.

"न्याय करा म्हाराज," पहिला म्हणाला. "म्या सुभाना, वाटंवरच्या गावचा. ह्या बाईनं ह्या दौलूच्या रानात दोन राती मेंढरं बसवली आन् माज्या रानात एकच! म्या दीडपट जोंधळा देतो म्हनलो, तरी ऐकंना."

"म्या आधी सांगून ठिवलं हुतं," दौलू म्हणाला.

राजे चक्रावले. "अरे, मेंढरं तुझ्या रानात झोपणार आणि वर जोंधळा तूच देणार? वेडा आहेस का?"

दोघे शेतकरी भांडण विसरून एकमेकांकडे बघायला लागले. हसावं तर राजाला कसं हसावं!

"म्हाराज," धुरपा म्हणाली, "मेंढरं सकाळी उठून जात्यात, पर त्यांच्या लेंड्या रानातच ऱ्हात्यात. तसलं खत दुसरं न्हाई. त्या खताबद्दल शेतकरी आमाला धान्य देतो, वाडवडलांपासनं चालत आलंय. भीक न्हवं, हक्काची मजुरी हाय ती. रोज नवं रान, रोज ताजी भाकर. मग वझं कशाला वाह्याचं?"

"म्हणजे सगळी वाट तू लेंड्यांवर जेवलीस?"

"व्हय की. तुमच्या बैलांच्या पाठीवर शिदोरी असती, माज्या मेंढरांच्या पोटात असती."

दरबाऱ्यांनी उपरणी नाकाला लावली. पंत मात्र हरायला तयार नव्हते. "हे काय मोठं? आमचे बैल काय शेण टाकत नाहीत?"

"टाकत्यात की, पंत. पर तुमी त्यास्नी रातीला रस्त्यावर बांधता. शेन त्येच हाय, निस्ती टाकायची जागा चुकती."

राजांनी एकदा पंतांकडे बघितलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं. हसता हसता फेटा सुटून गळ्यात आला तरी राजे थांबेनात.

"माग धुरपे, काय मागतेस?"

"तुमच्या कुरनात माज्या मेंढरांना चराई माफ करा. आन् यात्रंला माज्यासंगं चला, म्हाराज. देवी खोळंबलीय."

"दिलं! पण आज मेंढरं आमच्या आमराईत बसव. सुभाना, तुझी बारी उद्या."

सकाळी आमराईत सगळ्यांनी बघितलं. आबाजीपंत एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं धुरपाच्या पदरात जोंधळा मोजून घालत होते आणि ती म्हणत होती, "पंत, माप जरा शिगोशीग भरा. मेंढरांनी कसर ठिवली न्हाई."